चौकावर ताणलेलं आभाळ

7 डिसेंबर. 2001 साली याच तारखेला सुब्रत मित्र गेले. सत्यजित राय यांच्या पहिल्या सिनेमापासून त्यांच्या कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस. ही तारीख आली की मला एक लांबरुंद पांढरं कापड आठवतं.

माझं लहानपण चौसोपी वाड्यात गेलं. चौकात ऊन थेट उतरायचं ते भर दुपारी, घटकाभर. बाकी सारा दिवस डोक्यावरच्या आभाळाच्या चौकोनातून जो उजेड खाली झिरपायचा, त्याच्यावर घर चालायचं. आजी सोप्याच्या कडेला सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. तो उजेड कुठल्या बाजूने येतो हे सांगता यायचं नाही. माणसाची सावली पडायची नाही. पडलीच तर तांदळाच्या धुवणासारखी पातळ.

पुढे पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये रायांचा ‘अपराजितो’ पाहिला. हरिहर, सर्वजया आणि लहानगा अपू बनारसला एका जुन्या घराच्या तळमजल्यावर बिऱ्हाड करून आहेत. मधे चौक, भोवती खोल्या, वरच्या मजल्यावर दुसरा भाडेकरू. सर्वजया कामाच्या रगाड्यात आत-बाहेर करते आणि तिच्या चेहऱ्यावर तोच उजेड, आजीच्या सुपावरचा. मला तो पाहताक्षणी ओळखू आला. बनारसमधलं एखादं खरंखुरं घर गाठून तिथेच चित्रीकरण केलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. बरीच वर्षं मी तसंच समजत होतो. घाट खरे होते, गल्ल्या खऱ्या होत्या. चौक मात्र कोलकात्यातल्या एका स्टुडिओत, छपराखाली बांधलेला होता. हे कळलं त्या दिवशी मी नुसता बसून राहिलो.

कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांना तो सेट उघड्यावरच उभारायचा होता. पावसाच्या भीतीने बेत बदलला. मित्रांनी रायांशी वाद घातला, बन्सींशी घातला. आभाळातून पाझरणारा, सावली न पाडणारा उजेड स्टुडिओतल्या दिव्यांनी आणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. सेट आतच उभा राहिला.

मग मित्रांनी काय केलं? पांढरं कापड चौकटीवर ताणून चौकाच्या वर आडवं बसवलं, जिथे एरवी आभाळ असतं तिथे. दिवे खाली लावले आणि त्यांची तोंडं वर, कापडाकडे केली. उजेड कापडावर आपटून खाली आला. दिवा लहान असतो, एका ठिकाणाहून मारा करतो, म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. एवढं मोठं कापड उजळलं की त्याच्या प्रत्येक इंचातून उजेड येतो आणि एका बाजूने पडलेली सावली दुसऱ्या बाजूचा उजेड पुसून टाकतो. यात तोटाही असतो. बराचसा उजेड वाटेतच जिरतो, आणि त्या काळची फिल्म आजच्यासारखी थोड्या उजेडावर भागवून घेणारी नव्हती. तरी मित्रांनी तेच केलं. साल होतं 1956.

आज ही युक्ती इतकी रुळली आहे की ती कुणाला तरी सुचावी लागली असेल असं वाटतही नाही. कुठल्याही चित्रीकरणाला जा, एक मुलगा थर्माकोलची पांढरी शीट धरून उभा दिसेल. लग्नाचे फोटो काढणाराही फ्लॅश छताकडे वळवतो. पण 1956 चे आपले बहुतेक सिनेमे आठवून पाहा. उंचावरच्या माचाणांवरून दिवे थेट नटांवर रोखलेले असायचे. भिंतीवर एका माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या पडायच्या. झोपडीत मध्यरात्री नायिका रडत असायची, जवळ एक मिणमिणती चिमणी, आणि तिच्या केसांना मागून लखलखीत कड. ती चमक कुठून आली हे कुणी विचारत नसे. सुंदर दिसतं ना, मग झालं. मित्रांना ते पुरत नव्हतं. या खोलीत, या वेळी उजेड कुठून येईल, हा त्यांचा पहिला प्रश्न असे, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावाचून ते दिवा लावू देत नसत. त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नसावं. पण पडद्यावर जे उरलं ते पाहता त्यांचा हट्ट मला पूर्णपणे मान्य आहे. खोट्या उजेडात खरं दुःख दाखवता येत नाही, निदान सर्वजयाचं तरी नाही.

हे कुठे शिकले ते? कुठल्याही शाळेत नाही. ज्याँ रेन्वार ‘द रिव्हर’ करायला बंगालमध्ये आले, तेव्हा काम मागायला गेलेल्या या मुलाला काम मिळालं नाही, नुसतं पाहायची परवानगी मिळाली. ते रोज जात राहिले. दिवे कुठे होते, कॅमेरा कुठे होता, माणसं कुठून कुठे चालली, सगळं वहीत लिहून, चित्रं काढून ठेवत राहिले. तिथेच रायांशी मैत्री जमली. राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरीला होते. फुरसत मिळेल तेव्हा चित्रीकरण बघायला यायचे आणि राहिलेला तपशील मित्रांकडून ऐकायचे. 1952 च्या ऑक्टोबरात काशाच्या फुलांच्या माळावर ‘पाथेर पांचाली’चा पहिला दिवस उजाडला तेव्हा मित्र 22 वर्षांचे होते आणि सिनेमाचा कॅमेरा त्यांनी त्याआधी कधी चालवला नव्हता. त्याच सिनेमाच्या पार्श्वसंगीतातला सतारीचा एक तुकडाही त्यांनीच वाजवलेला आहे. त्यांचे सिनेमे पाहताना मला ते सारखं जाणवतं. सतारीत बोट काढून घेतल्यावरही सूर रेंगाळतो, तसा त्यांचा उजेड चेहऱ्याच्या कडेशी एकदम संपत नाही.

रायांचे दहा सिनेमे त्यांनी केले. ‘जलसाघर’मधलं अंधारत गेलेलं झुंबर, ‘चारुलता’ची दुर्बीण घेऊन खिडकीखिडकीशी जाणारी एकाकी दुपार, झोक्याबरोबर वर-खाली होणारा तिचा चेहरा. मधे डोळ्यांच्या आजाराने काही सिनेमे हातचे गेले. कॅमेरामनला डोळ्यांनी दगा द्यावा, याहून मोठी परीक्षा कुठली असेल! 1966 च्या ‘नायक’नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यात कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. नुकसान मात्र आपलं झालं असं मला वाटतं.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मित्रांचं काम त्यांच्या नावाशिवाय पोचलेलं आहे. शैलेंद्रांची निर्मिती, बासू भट्टाचार्यांचं दिग्दर्शन असलेला ‘तीसरी कसम’ त्यांनीच टिपला. हिरामनची बैलगाडी, मागे बसलेली हिराबाई आणि त्या दोघांमधून सरकत जाणारी दिवसाची वेळ. रेडिओवर त्यातली गाणी लागली की माझ्या आईच्या डोळ्यांसमोर तो रस्ता यायचा. रस्ता टिपणाऱ्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. पाटीवर नाव येईपर्यंत आपण खुर्चीत नीट बसतही नाही, आणि शेवटी नावं यायला लागली की उठून चालू लागतो.

शेवटची वर्षं त्यांनी कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्यात घालवली. रायांशी वाट वेगळी झाली होती. पण अखेरीस शिकवलं ते त्यांच्याच नावाच्या वास्तूत.

आमचा वाडा आता नाही. तिथे इमारत आहे, जिन्यात भर दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते. आजीचा एकच फोटो आहे, स्टुडिओत काढलेला, दोन्ही बाजूंनी दिवे मारलेला. तिच्या नाकाची सावली ओठांवर आली आहे. चौकातला तो उजेड कुठल्याच फोटोत नाही. मला तो पाहावासा वाटला की मी ‘अपराजितो’ लावतो.

तुम्हीही आज रात्री तो लावा. सर्वजया चौकात आली की गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून तिच्या गालावरचा उजेड पाहा. आणि ‘तीसरी कसम’ पुन्हा पाहाल तेव्हा सुरुवातीच्या पाट्या वाचा. त्यात सुब्रत मित्र हे नाव आहे.