तेव्हाचे पाचशे रुपये

आपल्याकडच्या जुन्या माणसाला प्रवासाची आठवण विचारली की तो आधी भाडे सांगतो. समुद्र कसा होता, बरोबर कोण होते, उतरल्यावर काय वाटले, हे सगळे नंतर. बोटीच्या डेकचे तिकीट कितीचे होते, भाऊच्या धक्क्यावर चहाला किती आणे पडत, हर्णैला किंवा दाभोळला बोटीतून किनाऱ्यावर नेणारा पडाववाला माणशी काय घेई, हे त्याला तोंडपाठ असते. शेवटी ठरलेले वाक्य येते, "आता एवढ्यात पाण्याची बाटलीसुद्धा येत नाही." ऐकणारे माना डोलावतात आणि आठवण संपते.

या आठवणींचा आम्हाला कंटाळा नाही. गरिबाला रुपया मोजूनच खर्चावा लागे, म्हणून तो त्याच्या ध्यानात राहिला. पण या हिशेबात एक बाजू नेहमी गळते. आपण काय मोजले ते सांगितले जाते. त्याच रुपयांत आपण कुणाचे काय देणे लागत होतो, ते सांगितले जात नाही.

हजच्या आठवणी घ्या. जहाजाने हज करून आलेली माणसे आता थोडी उरली आहेत. मुंबईला साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनचे जहाज, जेद्दापर्यंत आठवडाभराचा प्रवास. पत्र्याच्या ट्रंकेत तांदूळ, डाळ, पापड, लोणचे आणि तळाशी घडी घातलेले कफनाचे कापड. ते जमजमच्या पाण्यात भिजवून परत आणायचे. वाटेतच वेळ आली तर तेच उपयोगी पडेल, हाही विचार असे. निरोप द्यायला सारा मोहल्ला लोटायचा. 'अकबर' जहाजाची फेरी १९९५ साली थांबली आणि सागरी हज संपला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हजचे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले, आणि सरकारने ते २०१८ मध्येच बंद केले. २०२३ साली हज कमिटीमार्फत मुंबईहून जाणाऱ्याला सुमारे तीन लाख रुपये लागले. जहाजाचे भाडे आठवणारा हाजी हा आकडा ऐकून कानांवर हात ठेवतो.

रुपयाचाही प्रवास झाला आहे, आणि तो आपल्या लोकांइतका कुणी जवळून पाहिला नसेल. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' अशी अक्षरे असत आणि त्या देशाबाहेर वापरायच्या होत्या. त्याच वर्षी आखातासाठीही निराळा रुपया निघाला. कुवेत, बहारीनला गेलेल्या कोकणी माणसाला पगार रुपयांत मिळायचा, हे आज त्याच्या नातवाला खरे वाटत नाही. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले; पावणेपाच रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर साडेसातला गेला आणि आखातातली उरलेली राज्येही एकेक करून रुपया सोडून गेली. चार आण्यांचे नाणे तर ३० जून २०११ नंतर चलनातूनच गेले. हजच्या त्या शंभराच्या नोटेला मात्र आज संग्राहक लाखांत किंमत देतात. शंभर हा आकडा तोच, कागद तोच.

आता त्याच काळातला दुसरा कागद पाहू. तो निकाहनामा. त्यात मेहरच्या रकान्यात सव्वाशे, पाचशे, ७८६ असे आकडे असत, आणि बहुतेक वेळा पुढे 'मुअज्जल'. अरबीत दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ ताबडतोब द्यायचे, दुसऱ्याचा अर्थ पुढे कधीतरी. देवनागरीत लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात. आपल्या समाजाने दोहोंचा अर्थ 'पुढे कधीतरी' असाच घेतला. ही 'पुढची' वेळ दोनदा येते : तलाकच्या वेळी किंवा जनाज्याच्या वेळी. आणि ज्या घरात हज ठरतो, तिथे तिसऱ्यांदा.

हजला निघण्याआधी देणी फेडावीत, ज्यांचे मन दुखावले त्यांची माफी मागावी, हा रिवाज चांगला आहे. मेहर हे देणेच आहे. नवरा मेला तर वारसांत वाटणी होण्याआधी जी कर्जे फेडायची, त्यांत तेही येते. म्हणून हजला निघालेला माणूस बायकोकडे येतो. आजूबाजूला दीर, नणंदा, सुना उभ्या. कुणीतरी म्हणते, "भाभी, मेहर माफ करा, हाजीसाहेब सफरला निघालेत." ती पदर सावरून म्हणते, "माफ केले." तेवढ्याने पन्नास वर्षांचे कर्ज संपते. जनाज्यापाशीही हेच घडते. फक्त तिथे तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, बायका तिच्या वतीने सांगून टाकतात.

कुरआनने मेहर माफ करण्याचा मार्ग ठेवला आहे, हे खरे. सूरह निसामध्ये सांगितले आहे की स्त्रियांचे मेहर त्यांना द्या, आणि त्यांनी मनाच्या खुशीने त्यातले काही सोडले तर ते घ्या. सगळा भार 'खुशी' या शब्दावर आहे. सामान बांधून दाराशी ठेवले आहे, पन्नास माणसे ऐकत आहेत, नाही म्हटले तर नवऱ्याच्या हजमध्ये अडथळा आणल्याचा बोल लागणार. अशा वेळी आलेल्या होकाराला खुशी म्हणायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही म्हणणार नाही.

पण क्षणभर धरून चालू की ती खुशीने बोलली. तिने नेमके काय सोडले? ती म्हणते, "पाचशे रुपये तर आहेत, त्यांचे काय घेऊन बसायचे!" हे वाक्य तिच्या तोंडी महागाईने घातले आहे. १९७० च्या सुमारास दहा ग्रॅम सोने दोनशे रुपयांच्या आत मिळत होते. पाचशे रुपयांत सत्तावीस ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहून जास्त सोने आले असते. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला. मग ते पाचशे रुपये पावणेतीन लाखांच्या पुढे जातात. मुंबईहून एका माणसाच्या हजला जवळपास एवढाच खर्च येतो. म्हणजे त्या बाईच्या मेहरमध्ये तिचा स्वतःचा हज होता. हज ऐपत असणाऱ्यावर फर्ज आहे, आणि ही ऐपत तिच्या नावावर लिहिलेली होती. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना मेहरमशिवाय हजला जाण्याची वाट आपल्या हज कमिटीने उघडली आहे. वाट उघडली, पण भाडे कुठून आणायचे, हा प्रश्न विधवेपुढे राहतोच.

महागाईला आम्ही गुन्हा ठरवत नाही. मदिनेत भाव चढले तेव्हा लोक पैगंबरसाहेबांकडे (स.) गेले आणि भाव बांधून द्या म्हणाले. त्यांनी ते केले नाही. भाव उतरवणारा-चढवणारा अल्लाह आहे आणि कुणाच्या मालावर जुलूम केल्याचा दावा अंगावर घेऊन आपल्याला त्याच्यापुढे जायचे नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. भाव चढणे निराळे आणि मापात खोट करणे निराळे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये धिक्कार आहे तो स्वतः घेताना पुरते मोजून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी मोजणाऱ्यांचा. ही आयत आपण वाण्यापुरती ठेवली आहे. पण जो माणूस महागाई निर्देशांक वाढला म्हणून वर्षातून दोनदा महागाई भत्ता घेतो, घरभाडे दर अकरा महिन्यांनी वाढवतो, भावाला विकलेल्या जमिनीचा आजचा भाव काढून हळहळतो, आणि बायकोच्या मेहरची वेळ आली की १९७० चा आकडा दाखवतो, त्याच्या हातात दोन मापे आहेत.

आलिम लोक इथे हरकत घेतील, आणि ती हलकी नाही. कर्जावर वाढ घेणे म्हणजे रिबा, जेवढे घेतले तेवढेच परत द्यायचे. इस्लामी देशांच्या फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत हेच ठरवले, की कर्ज आकड्याने फिटते, निर्देशांकाशी बांधता येत नाही. दुसरे मतही आहे. इमाम अबू हनीफांचे शिष्य अबू युसूफ यांनी तांब्याच्या नाण्यांबद्दल म्हटले की त्यांचा भाव चढला-उतरला तर देणे ज्या दिवशी झाले त्या दिवशीची किंमत भरावी. दमास्कसच्या इब्न आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकात या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कोकणातला वाचक म्हणेल, आम्ही शाफई, अबू युसूफ आमचे नव्हेत. ठीक आहे. इराण तर शिया देश; तिथे १९९७ पासून कायद्यानेच मेहरची रक्कम देण्याच्या दिवशीच्या निर्देशांकाप्रमाणे मोजतात. आपल्याकडे १९८६ च्या कायद्यात घटस्फोटितेला ठरलेल्या मेहरइतकी रक्कम आहे, आणि ठरलेली म्हणजे लिहिलेली. हा वाद आलिमांनी पुढे न्यावा.

तोवर नवऱ्याला कुणी अडवले आहे? मागणाऱ्याने वाढ मागणे निराळे आणि देणाऱ्याने आपणहून जास्त देणे निराळे. याची साक्ष एका प्रवासाच्या आठवणीत आहे, आणि तीही भाव सांगणारी आठवण आहे. हजरत जाबिर (रजि.) एका मोहिमेवरून परतत होते. त्यांचा उंट थकून मागे पडला होता. पैगंबरसाहेब जवळ आले, उंटाला टोचले, तो चालू लागला. मग त्यांनी तो विकत मागितला. सौदा ठरला, जाबिर यांनी मदिनेपर्यंत त्यावर बसण्याची सवलत घेतली. मदिनेत पोहोचल्यावर पैगंबरसाहेबांनी हजरत बिलाल यांना किंमत तोलून द्यायला आणि वर थोडे जास्त घालायला सांगितले. पैसे घेऊन जाबिर निघाले, तर त्यांना मागे बोलावून उंटही परत दिला. ते वरचे जास्तीचे वजन जाबिर यांनी थैलीत जपून ठेवले आणि हर्राच्या लढाईत, हिजरी ६३ मध्ये, लुटीत ते गेले, अशी रिवायत आहे. म्हातारपणी त्यांनी ही सफर सांगितली तेव्हा आपल्या हाजीसाहेबांसारखा रकमेचा उल्लेख केलाच. फरक एवढाच की त्यांच्या ध्यानात राहिले ते हक्कापेक्षा जास्त मिळालेले.

काहीजण म्हणतात, पन्नास वर्षे तिला खाऊ घातले, दागिने केले, मुलांची लग्ने केली, मग मेहर वेगळा कशाला? खाऊ घालणे हा नफका आहे, तो निराळा हक्क. एका कर्जाची पावती दुसऱ्या कर्जाला चालत नाही, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. आणि दागिने म्हणाल तर ते मेहर म्हणून दिले होते का, की अडचणीच्या वेळी मोडायला घरात ठेवले होते? मुलीच्या लग्नात तिच्या पाटल्या मोडल्या नाहीत, असे घर आम्हाला कुणी दाखवावे.

नव्या निकाहांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मेहर रुपयांत लिहावा असे कुठेच सांगितलेले नाही. मेहरे-फातिमी म्हणून आपल्या उलेमांनी धरलेले माप १३१ तोळे ३ मासे चांदीचे, सुमारे दीड किलोचे आहे. जकातीचा निसाबही साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने, असा वजनातच ठरला आहे. म्हणून शतके उलटली तरी तो खोटा पडला नाही. चांदी-सोन्यातले आपापसातले अंतर वाढले, हा निराळा वाद. पण काझीसमोर बसलेले वडीलधारे अजून विचारतात, "रुपयांत किती लिहायचे?" आणि कुणीतरी गोल आकडा सांगतो. आजचे पन्नास हजार तीस-चाळीस वर्षांनी किती उरतील, हे त्याच घरातल्या आजोबांना विचारले तर ते बोटीच्या भाड्यावरून लगेच हिशेब करून देतील. त्या बैठकीत आजोबा असतातच. त्यांना कुणी विचारत नाही आणि तेही त्या वेळी बोटीचे भाडे काढत नाहीत. रजिस्टरमध्ये रकाना आहे, त्यात 'इतके तोळे चांदी' एवढेच शब्द घालायचे. द्यायच्या दिवशी सराफाच्या दुकानात जाऊन भाव विचारला की रक्कम कळते.

राहिले जुने आकडे. त्यांतल्या कित्येक बायका अजून हयात आहेत, ऐंशीच्या घरात. नवरे हज करून आलेले, मुले आखातात. त्यांचा निकाहनामा त्याच पत्र्याच्या ट्रंकेत असतो, पासपोर्ट आणि जमजमच्या रिकाम्या डब्याजवळ.