११२ चा राग

नगर जिल्ह्यात जन्मून (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय व्हायची आहे) साखरेशी वैर धरायचं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखटाला भिण्यासारखं आहे. सहकारी साखर कारखाना कसा चालवावा हे प्रवरानगरनं १९५०-५१ च्या हंगामात देशाला दाखवलं. पुढे माझ्या सोळाव्या वर्षी माझ्या रक्तानंही एक कारखाना काढला. तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, मी इन्शुलिनवर आहे.

साखरेनं त्रास फार दिला, पण एक सोयही करून दिली. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात आणि माणूस उगाच चिडतो, हे लग्नानंतर डॉक्टरांनी सौ.ला समजावून सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. मेहुण्याच्या लग्नात रुसलो? साखर कमी होती. आमटी अळणी म्हणून ताट सरकवलं? साखर कमी होती. सासूबाईंना एकदा नको ते बोललो, तेव्हाही तीच. सौ. बिचारी रागवायचं सोडून साखरेची वाटी घेऊन धावायची.

गेल्या वर्षी मुलीनं पंप घेऊन दिला. कंबरेला डबी, दंडावर सेन्सर. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, त्यावरून डबी इन्शुलिन कमी-जास्त करते. साखर घसरणार असं दिसलं की आपणहून हात आखडते. जेवणार असलो तर मात्र तिला आधी सांगावं लागतं. म्हणजे घरात आता दोघींना सांगायचं. किंमत लाखांत, पण रात्रीची झोप लागते. फक्त ही बया सगळं लिहून ठेवते. चित्रगुप्त निदान मेल्यावर तरी वही उघडतो!

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कपाटाची किल्ली सापडेना. मी सौ.वर यथेच्छ ओरडलो. किल्ली माझ्याच खिशात निघाली. सवयीनं म्हणालो, "साखर कमी झाली असेल गं."

तिनं चष्मा लावला, डबी पाहिली. "११२ आहे."

मी वकिली केली. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, तो जरा मागेच असतो. ती शांतपणे दहा मिनिटं थांबली. ११४.

त्या रात्री झोप आली नाही. ५५ ला मी बोलतो ते माझं नव्हे, हे कुणीही मान्य करील. मेंदूलाच खुराक नाही, तो तरी काय करणार? पण ११२ ला बोलतो ते कुणाचं? आणि तीस वर्षांची भांडणं? त्यातली ५५ ची किती, ११२ ची किती? तेव्हा कुणी मोजली नाहीत. सासूबाई तर आता नाहीत. त्यांना बोललेलं कोणत्या खात्यात घालायचं? मला एवढंच आठवतं की त्या दिवशी माझे हात थरथरत नव्हते.

परवा संध्याकाळी सौ. भाजी निवडत होती. मला एकदम भरून आलं. म्हटलं, "तुझ्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि थेट डबी ओढली. "तरीच! ५८. अहो, आधी साखर खा."

मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यालो. पंधरा मिनिटं ती घड्याळाकडे बघत बसली. आकडा ९४ झाल्यावर तिनं जुडी पुन्हा हातात घेतली.

"हं. मघाशी काय म्हणत होतात?"