दोन घरचा पाहुणा

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकात पहिल्यांदा उतरलात तर मान आपोआप वर जाते. भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. दहा मजली इमारत मावेल इतकं खोल, आणि तरी वरचा उजेड खाली यावा अशी छताची रचना. खालून पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही जांभळी मार्गिका जाते, तर वर पुलावरून वनाझ ते रामवाडी ही ॲक्वा मार्गिका. १ ऑगस्ट २०२३ पासून लोक इथे गाडी बदलतात. भुयारातून थेट स्वारगेटपर्यंत जाणं २९ सप्टेंबर २०२४ पासून शक्य झालं.

या दोन्ही मार्गिका महामेट्रोच्या. पण माण-हिंजवडीहून येणाऱ्या २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गिकेचं शेवटचं टोकही इथेच आहे, आणि ती महामेट्रोची नाही. ती पीएमआरडीएची, टाटा आणि सीमेन्सच्या भागीदारीतली, ३५ वर्षांच्या कराराची. म्हणजे हिंजवडीच्या ऑफिसातून मंडईला निघालेला माणूस गाडीत बसतो एका संस्थेचा प्रवासी म्हणून आणि उतरतो दुसऱ्या संस्थेचा प्रवासी म्हणून. मग मधल्या दोन-चार मिनिटांत तो कोणाचा असतो?

करारात याचं उत्तर असेलच. मला प्रश्न पडलाय तो कराराबाहेरचा. आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. या म्हणीतली गंमत बघा. दोन्ही घरं कंजूष आहेत असं ती म्हणत नाही. उलट दोन्ही घरं चांगली आहेत. दोघांनाही वाटतं, तो तिकडे जेवला असेल. पाहुणा उपाशी राहतो आणि दोष द्यायला कोणी सापडत नाही.

मध्यंतरी दुसऱ्या एका शहरात, अशाच दोन व्यवस्था भेटतात त्या स्टेशनवर, एक आजी दिसल्या. हातात जड पिशवी, गुडघ्याला पट्टा. लिफ्ट बंद होती. या बाजूच्या खिडकीवर त्यांना सांगितलं, "लिफ्ट आमच्याकडे येत नाही, पलीकडे विचारा." पलीकडचा म्हणाला, "आजी, लिफ्टचं दार त्यांच्या हद्दीत आहे." दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही नीट बोलत होते. आजींनी मला विचारलं, "बाळा, मग मी कोणाला विचारू?" मी एका कानातला इअरफोन काढला, जिन्याकडे बोट दाखवलं आणि माझी गाडी पकडली.

त्या दिवसापासून हे डोक्यात आहे. अन्याय दिसला की अन्याय करणारा शोधायचा, ही आपली सवय. इथे प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं, तरीही एक म्हातारी बाई जिन्याखाली उभी राहिली.

मग हद्दीच पुसून टाकायच्या का? तेही जमत नाही. जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, हे आपण सोसायटीच्या गच्चीवर रोज बघतो. हद्द असते म्हणून काम होतं. या स्थानकाशेजारच्याच कोर्टात लोक जमिनीच्या वादांच्या तारखांना येतात. बांध हातभर सरकला म्हणून दोन-दोन पिढ्या भांडतात. पण बांधावरचं तण कोणी काढायचं, यावरून कोणी दावा लावलेला ऐकलाय? बांधावर हक्क सांगायला दोघं असतात, तण काढायला कोणीच नसतं.

अशा बांधावर माणसं मरूही शकतात. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. पाऊस होता, लोक जिन्यावर आडोशाला थांबलेले, त्यात येणाऱ्या गाड्यांची गर्दी. २३ जण गेले. त्या दुर्घटनेचं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण दोन स्टेशनांची गर्दी ज्या एका पुलावर येत होती, तो त्या गर्दीच्या मापाचा नव्हता. नंतर तिथे नवा पूल लष्कराने बांधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. दोन घरच्या पाहुण्याला शेवटी तिसऱ्याने वाढलं.

आता टोकियो. शिबुया स्टेशनात जमिनीखाली तोक्यूची तोयोको मार्गिका आणि टोकियो मेट्रोची फुकुतोशिन मार्गिका मार्च २०१३ पासून सलग जोडलेल्या आहेत. गाडी थांबते, एका कंपनीचा चालक उतरतो, दुसऱ्या कंपनीचा चढतो, गाडी पुढे निघते. भाड्याचा हिशेबही तिथेच बदलतो. आत डुलकी घेणाऱ्या प्रवाशाला यातलं काहीच कळत नाही. हद्द तिथेही आहे आणि ती काटेकोर आहे. फरक एवढाच, की ती ओलांडायचं ओझं कंपन्यांनी प्रवाशावर टाकलेलं नाही.

यासाठी जपानपर्यंत जायलाही नको. शाळेच्या रिक्षावाले काकांना आठवा. सोसायटीचं गेट आलं की त्यांचं भाडं वसूल झालेलं असतं. तरी काका पोराला गेटवर सोडून निघत नाहीत. आजी किंवा आई दिसली, पोराचा हात तिच्या हातात गेला, की मगच रिक्षा वळते. जबाबदारी कुठे संपते, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. आपल्या हद्दीची रेघ आली म्हणून ती संपत नाही, दुसऱ्याने हात धरला की संपते. तोवर ती ज्याच्याकडे माणूस आधी आला त्याची.

हा नियम महाग आहे. तो पाळायचा तर खिडकीवरच्या माणसाला खुर्ची सोडून उठावं लागेल, पलीकडे फोन लावावा लागेल, कधी दुसऱ्याचं काम फुकट करावं लागेल. म्हणून तो कोणत्याही करारात पूर्ण मावणार नाही. थोडा तरी तो माणसांनाच पाळावा लागेल.

आणि तो फक्त खिडकीवरच्यांना लागू नाही. मी कर्मचारी नव्हतो, म्हणून मी यातून सुटलो असं मला तेव्हा वाटलं होतं. पण त्या दोन्ही खिडक्या फिरून आजी तिसऱ्या ठिकाणी आल्या होत्या, ते ठिकाण मी होतो. माझ्या पुढची गाडी पाच-सात मिनिटांनी होती.