कॅमेऱ्याने किती आत यावं?

घानात टेलिव्हिजन सुरू झालं ३१ जुलै १९६५ रोजी, क्वामे एन्क्रुमांच्या राजवटीत. बाहेरचं जग घरात येण्याबद्दल तिथल्या जुन्या धर्माची फारशी तक्रार नव्हती. देवस्थानातलं जग बाहेर जाऊ द्यायचं का, हा पेच मात्र अजून सुटलेला नाही.

घानातल्या अकान लोकांचा ओकोम्फो, म्हणजे अंगात देव येणारा पुजारी, गुरूकडे राहून काही वर्षं शिकतो. अंगाला पांढरी माती फासून तो ढोलाच्या तालावर नाचतो ते सगळ्या गावासमोर. देवतेचं मूळ ठाणं मात्र आत असतं. कोणी कुठवर पाहायचं हे ठरलेलं असतं आणि देवतेचा दराराही त्यावरच उभा असतो. कॅमेरा आत शिरला की ही पायरीच मोडते.

यावरून आफ्रिकी परंपरेला चित्रांचं वावडं आहे असं कोणी म्हणेल, तर ते चूक. पश्चिम आफ्रिकेतली जलदेवता मामी वाटा आज मोकळ्या केसांनी, अंगावर नाग खेळवताना दिसते. हे रूप आलं हांबुर्गला १८८०च्या दशकात छापलेल्या एका गारुडिणीच्या चित्रावरून. पुढे १९५५ साली कुमासीच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या नव्या प्रती छापून घेतल्या, त्या चक्क मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीकडून! लक्ष्मी-सरस्वतीच्या कॅलेंडरांचा आपला बाजार असा थेट घानापर्यंत पोचला. परकं चित्र देवघरात चाललं. अडचण आहे ती देवघराचं चित्र होण्याची.

कॅथलिक चर्चमधून बाहेर पडलेल्या क्वाबेना डामुआ या धर्मगुरूंनी १९८२ मध्ये जुन्या धर्माच्या पुनरुज्जीवनासाठी आफ्रिकानिया मिशन काढलं. सरकारी रेडिओवर त्यांना वेळही मिळाला. पण नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या आणि पेंटेकोस्टल चर्चनी पडदा व्यापला. त्यांच्या उपासनेत उंचावलेले हात, अश्रू, बरा झालेला रोगी असं सगळंच दाखवण्याजोगं. आफ्रिकानियालाही मग स्वच्छ, नीटनेटकी प्रतिमा दाखवणं भाग पडलं. गंमत अशी, की ज्या पुजाऱ्यांच्या वतीने मिशन बोलतं, त्यातलेच अनेकजण कॅमेरा दारातच अडवतात.

घानाच्या व्हिडिओ सिनेमांत हाच पुजारी खलनायक असतो. तरीही सेटवरच्या खोट्या देवस्थानात खरी शक्ती शिरू नये म्हणून अशा प्रसंगांच्या चित्रीकरणाआधी ख्रिस्ती कलाकार-तंत्रज्ञ प्रार्थना करतात, हे बिर्गिट मेयर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी नोंदवलं आहे. म्हणजे देवस्थानातली शक्ती खरी असते, हे ओकोम्फोचं निम्मं म्हणणं कॅमेऱ्यामागच्या मंडळींना आधीच मान्य आहे.