भरपाई आणि जाब

चुकीचा माणूस नोकरीवर घेतला तर धंद्याला किती फटका बसतो, याचे आकडे व्यवस्थापनाच्या सभांमध्ये सर्रास फेकले जातात. ज्याने तो माणूस आणला तो रिक्रूटरच चुकीचा निघाला तर काय, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही, आणि बोलले जाते तेही वरवरचे. निष्कर्ष ठरलेला असतो: रिक्रूटरला कामाची जाण नव्हती, त्याने बायोडेटातले शब्द जाहिरातीतल्या शब्दांशी जुळवले आणि उमेदवार पाठवून दिला, तेव्हा त्याला शिकवा, नाहीतर शिकलेला आणा. अशा अजाण रिक्रूटरांची वाण नाही, हे मान्य. पण अजाण रिक्रूटर महिन्या-दोन महिन्यांत उघडा पडतो. धंदा आतून पोखरतो तो जाणकार रिक्रूटर.

मुंबईच्या कापड गिरण्यांतला, कामगार नेमणारा जॉबर आठवावा. बहुतेकदा तो स्वतः साच्यावर काम करून वर आलेला असे. कोणत्या खात्यात कसला हात लागतो हे त्याला पुरते ठाऊक असे. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला पोरगा कोणाचा कोण, कोणाच्या खोलीत राहतो, कोणत्या खानावळीत जेवतो, हेही तो जाणून असे. इतकी जाण आजच्या कोणत्या एजन्सीकडे आहे? तरीही कामगारविषयक शाही आयोगाने १९३१च्या अहवालात नेमणूक आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी असेच सुचवले. कारण उघड होते. नवा माणूस लावला की त्याच्याकडून दस्तुरी, म्हणजे नेमणुकीचे पैसे, मिळे, म्हणजे जुना माणूस टिकण्यात जॉबरचे हित नव्हते. आपले कामगार कोण, ते कशाच्या जोरावर आत आले, हे गिरणीला जॉबरला विचारल्याशिवाय कळत नसे. १९२८ साली एका विणकराने जास्त माग सांभाळण्याच्या धोरणावरून दीड लाखाच्या आसपास कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर राहिले. त्या संपाची कारणे जॉबरपुरती नव्हती. पण ज्या मालकांनी कामगाराशी नातेच मध्यस्थावर सोपवले होते, त्यांच्याकडे बोलणी करण्यापुरतीही ओळख उरली नव्हती.

जॉबर सर्वसत्ताधीश नव्हता, चाळीतल्या आणि गावाकडच्या माणसांचा त्याच्यावरही धाक असे, हे इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी दाखवून दिले आहे. ते मला पटते. पण त्यातून निघते ते हेच, की जॉबरला कोणापुढे उत्तर द्यावे लागत असेल तर ते गिरणगावापुढे, गिरणीपुढे नव्हे.

आता आजची एजन्सी पाहा. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा आपल्याकडचा रुळलेला दर. उमेदवार रुजू झाला की बिल निघते. तो पुन्हा नोकरी बदलायला निघाला की दुसरे बिल निघण्याची शक्यता तयार होते. वरिष्ठ पदांची माणसे शोधणाऱ्या संस्थांत ग्राहकाची माणसे ठरावीक काळ न उचलण्याचा संकेत आहे. मोह नसता तर संकेताची गरज काय होती?

यावर प्रशिक्षणवाद्यांचे उत्तर तयार असते: रिक्रूटरला निवडीचे शास्त्र शिकवा, मग तो चांगली माणसे आणेल. पण ज्याचे काम किती दिवसांत किती जागा भरल्या यावर मोजले जाते, त्याला शिकवले तर तो त्याच मापात तरबेज होईल. उमेदवाराकडून मुलाखतीची घोकंपट्टी करून घेईल, नोटीस पिरियडची अडचण लपवील, दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवून ग्राहकाला घाई करील. यातले एकही काम अजाण माणसाला जमणारे नाही. मग माप बदला, भरतीची गुणवत्ता मोजा, असे ते म्हणतात. पण गुणवत्ता दिसायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि हिशेब हमीच्या नव्वद दिवसांत मिटलेला असतो. मग हिशेब लांबवा, असे शेवटी म्हटले जाते. इथे ते नकळत माझ्या बाजूला आलेले असतात, कारण आता प्रश्न जाणीचा राहिलेला नसतो. सॉफ्टवेअर हे सगळे सोडवील म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की सॉफ्टवेअरलाही तेच माप दिलेले असते.

मात्र ‘नुकसान रिक्रूटरच्या अंगावर टाका’ हा उपायही मी सरसकट सुचवणार नाही. बीडकडच्या ऊसतोडीत ती व्यवस्था आहेच. मुकादम उचल घेतो, ती कोयत्यांमध्ये, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांमध्ये, वाटतो. टोळी पळाली तर पैसा त्याच्या अंगावर येतो. तो मग कामगार चांगले निवडत बसत नाही, त्यांना जखडतो. कारखान्याला हंगामभर हात मिळतात, आणि त्याची किंमत तोडणाऱ्या जोडप्याकडून वसूल होते. एजन्सीची ‘नव्वद दिवसांत माणूस गेला तर दुसरा फुकट’ ही हमी याच जातीची, फक्त सौम्य. दोन्हीकडे विचारले जाते ते एकच: माणूस टिकला का?

म्हणून मला भरपाई आणि जाब यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. माणूस गेला की भरपाई मिळते. माणूस का घेतला, हे विचारणे म्हणजे जाब. आणि तो माणूस टिकला असला, उत्तम काम करत असला तरी जाब विचारता येतो. या उमेदवाराला हो का म्हटले, दुसऱ्याला का नाकारले, कोणती शंका होती आणि ती का बाजूला ठेवली, हे रिक्रूटरने लिहून द्यावे आणि वर्षाने त्यावर समोर बसून बोलावे. हे जिथे होत नाही तिथे कंपनीचे नुकसान एका पगाराचे नसते. आपली माणसे आपल्याकडे का आहेत हेच तिला ठाऊक नसते. मग बढती कोणाला द्यायची, कपात कोणाची करायची, हे निर्णयही अंदाजाने होतात. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांनी बदली कामगारांना कार्डे देऊन नियंत्रण योजना आणली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा निदान एवढे तरी हाताशी आले, की दारात उभा असलेला माणूस कोण.

जाब मागायचा तर आधी मालकाला काम नेमके काय आहे ते सांगावे लागते, आणि बहुतेक मालक ते टाळतात. भरपाई त्यांना सोयीची वाटते ती त्यामुळेच: तिच्यात त्यांना स्वतःला काही सांगावे लागत नाही. तेव्हा माझ्या लेखी चुकीचा रिक्रूटर म्हणजे ज्याला जाब विचारता येत नाही तो, त्याने आणलेली माणसे कितीही चांगली निघोत. आणि त्याला तशी मोकळीक देऊन नेमणारा मालक त्याच्याइतकाच चुकीचा.