मे महिन्यात मुंबईत राहिलेल्यांसाठी

मराठी माणसाचा उन्हाळा कोकणात होतो, नाहीतर घाटावर. मुंबईत तो होत नाही, निदान आपल्या लेखनात तरी नाही. परीक्षा संपते, मुलं एसटीत बसतात आणि पुढचं सगळं, म्हणजे फणस, विहीर, अंगणातली बाज, गावाला घडतं. मुंबई त्या गोष्टीत फक्त निघण्याचं ठिकाण. पण ज्यांना रजा मिळाली नाही, ज्यांचं गावचं घर भाऊबंदकीत अडकलं आणि ज्यांना गावच नाही, अशी पुष्कळ माणसं मे महिनाभर इथेच असतात. त्यांनी या शहरात स्वतःचा एक उन्हाळा उभा केला आहे. त्यात गहिवर कमी आणि घाम जास्त, म्हणून असेल, त्याच्या वाट्याला फारशी शाई आली नाही.

गावचा उन्हाळा आपल्या आवारात, आपल्या झाडाखाली जातो. मुंबईचा उन्हाळा पहिल्यापासून चारचौघांतला. चाळीच्या खोलीत सात-आठ माणसं असली की उकाड्यात घरात बसणं शक्यच नसायचं. माणसं गॅलरीत आली, वळकट्या गच्चीवर गेल्या, संध्याकाळी अख्खं बिऱ्हाड चौपाटीला निघालं. जागा नव्हती म्हणून हे झालं, यात काव्य काही नाही. पण गरजेपोटी पडलेल्या सवयीतूनही सुख निपजतं, आणि ते खोटं नसतं.

पुण्या-नागपूरची मंडळी आपल्या उन्हाळ्याला हसतात. चौतीस अंशांत काय एवढं? खुद्द हवामान खातं मात्र हसत नाही. सपाटीवर उष्णतेची लाट म्हणायला पारा ४० वर जावा लागतो; किनाऱ्यावर ३७ पुरतात, फक्त ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवेत. इथे खरा प्रश्न पाऱ्याचा नाहीच, वाऱ्याचा आहे. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते, आणि समुद्रावरचे खारे वारे तिची जागा घ्यायला आत येतात. दुपारी बाराच्या आसपास ते सुटले तर दिवस निभावतो. पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असला की त्यांना आत यायला उशीर होतो आणि पारा चढत राहतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेले. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

म्हणून मुंबईत उन्हाळ्यात फिरायचं तर रस्ता वारा पाहून निवडावा. उत्तर-दक्षिण जाणारे मोठे रस्ते बसच्या धुराला बरे. पायी चालायला समुद्राकडे तोंड असलेल्या आडव्या गल्ल्या. शिवाजी पार्कहून दादर चौपाटीकडे जाणारी कुठलीही गल्ली संध्याकाळी पाच वाजता धरून पाहा. वळणावर अंगातला सदरा पाठीपासून सुटतो. मात्र अशा गल्लीच्या तोंडाशी एक टॉवर उभा राहिला की मागच्या चार इमारतींचा वारा जातो. त्याची दाद कुठे मागायची, हे कुणी सांगत नाही.

फिरायचं म्हणजे खाणं आलंच. स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेली करवंदवाली, गोळेवाल्याचा काला खट्टा, रसवंतीच्या चाकाची घुंगरं, कैरीच्या फोडींवरचं तिखटमीठ ही यादी सगळ्यांना पाठ आहे. माझा जीव अडकतो तो ताडगोळ्यात. बाई कोयत्याने काळं फळ टवका टवका उडवते, आत तीन खाचा दिसतात, आणि अंगठ्याने एकेक गोळा ती अलगद उचलून काढते. कोवळा असला तर हातात डुगडुगतो. निबर असला तर रबरासारखा चावत बसा. वरचं साल सोलावं की नाही, यावर घरोघर दोन तट आहेत. मी न सोलणाऱ्यांतला. थोडा तुरटपणा असल्याशिवाय त्या गोडीला चव नाही. आणि पहिल्या घासाला आतलं पाणी शर्टावर उडणारच. ऑफिसला जाताना ताडगोळे खाऊ नयेत, घरी परतताना खावेत.

आता बसायचं कुठे? मुंबईतल्या उन्हाळी सुखाची अर्धी गोष्ट बसायच्या जागेची आहे. मरीन ड्राइव्हचा कठडा घ्या. तो कुणी आपल्या सुखासाठी बांधला नव्हता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबेचा समुद्र भरून जमीन करायची प्रचंड योजना निघाली. खर्च फुगत गेला, काम रेंगाळलं, के. एफ. नरिमन यांनी गैरकारभाराचे जाहीर आरोप केले. हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. योजना अर्ध्यावर आवरती घेतली गेली. जेवढी जमीन पदरात पडली, तिच्या काठाने पुढे मरीन ड्राइव्ह आकाराला आला. १९६० नंतरच्या भरावावर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांच्या भागाला नाव पडलं ते त्याच नरिमनांचं. भराव घालण्यावर तुटून पडलेल्या माणसाचं नाव भरावालाच देणं, हा विनोद मुंबईलाच सुचू जाणे.

तर एका फसलेल्या व्यवहाराच्या काठावर आपण रोज संध्याकाळी बसतो. कठडा मांडी घालता येईल इतका रुंद आहे आणि तिकीट नाही. समुद्राकडे तोंड करून बसणारे वेगळे, रस्त्याकडे तोंड करून बसणारे वेगळे. पहिल्यांना एकटं राहायचं असतं, दुसऱ्यांना जग बघायचं असतं. दोघांची सोय एकाच दगडावर होते. शिवाजी पार्कचा कट्टाही त्याच जातीचा. १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या आणि १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालेल्या त्या मैदानाभोवतीची ती बुटकी भिंत नुसती हद्द दाखवायला असेल. तिचं बैठक होणं लोकांनी केलं. हल्लीच्या बाकांना मात्र मध्ये लोखंडी दांडे असतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. भर दुपारी, जेव्हा सावलीची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच अनेक बागांना कुलूप असतं. कुरिअरवाला मुलगा तेव्हा कुठे बसतो? बंद दुकानाच्या पायरीवर.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कोस्टल रोडच्या कडेचा नवा फिरायचा रस्ता खुला झाला. लांबलचक, रुंद, गाड्यांपासून वेगळा. चांगलाच आहे, नाक मुरडायचं कारण नाही. फक्त तिथे पोचायला भुयारी मार्ग शोधावा लागतो, आणि सावली धरतील अशी झाडं व्हायला पुष्कळ वर्षं जातील. चाळीतून उतरलं की समुद्र, असं तिथे होत नाही. ठरवून जावं लागतं. ठरवून घेतलेलं सुख वाईट नसतं, पण मे महिन्यात थकून आलेल्या माणसाला ठरवण्याइतकं त्राण कुठे असतं?

आता ज्या सुखासाठी मी मे महिन्यात मुंबई सोडायला नाखूश असतो, ते सांगतो. ओहोटी. किनाऱ्यावरचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि तिथून सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, उधाणाची ओहोटी. घड्याळात थोडं मागेपुढे होतं, पण पंचांग दगा देत नाही. अशा संध्याकाळी हाजीअलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवर जाऊन पाहा. एरवी पाण्याखाली असलेलं शहर उघडं पडतं. खळग्यात एक शंख स्वतःहून चालू लागतो, कारण आत मालक दुसराच आहे, खेकडा. खडकाला हिरव्या-तपकिरी मऊ बटणांचा थर बसलेला असतो. तो शेवाळाचा नव्हे, पोवळ्यांच्या नात्यातल्या प्राण्यांचा. थोडं पलीकडे कोळीणबाई उकिडवी बसून कालवं फोडत असते. तिला आपल्या कुतूहलाशी काही देणंघेणं नसतं. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना असं फिरवून आणतात, पहिल्यांदा त्यांच्याबरोबर जावं. खडक निसरडे असतात आणि पाणी वळलं की भराभर येतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट खुपते. या उन्हाळ्यातला थंडावा सगळ्यांचा होता, तो आता ज्याचा त्याचा होत चालला आहे. घराघरात एसी आला. आत गार होतं आणि बाहेरच्या यंत्राची झळ गल्लीत सोडली जाते. म्हणजे ज्याच्याकडे एसी नाही त्याचा उकाडा आपण थोडा वाढवतो. बेस्टच्या जुन्या डबल डेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी हा या शहरातला सगळ्यात स्वस्त वारा होता, आणि ती मिळवायला मुलंच नाही, टक्कल पडलेले गृहस्थही जिन्यावर धावत. नव्या डबल डेकर विजेच्या, वातानुकूलित. खिडकी तीच, पण काच बंद. विरारहून दारात लोंबकळत येणाऱ्याला कुणी एसी लोकलबद्दल टोमणा मारू नये, त्याचा तो हक्कच आहे. पण तो आरामात पोचल्यावर फुटपाथवर उतरतो तेव्हा त्याला काय मिळतं, हेही विचारायला हवं. सावली, बसायला दगड, प्यायला पाणी, वाऱ्याला मोकळी वाट. या गोष्टींना बजेटात वेगळं नाव नसतं, म्हणून त्या आधी कापल्या जातात.

त्यातून मे महिनाही पूर्वीइतका आपला राहिलेला नाही. मुंबईत पाऊस यायची ठरलेली तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला, इतका लवकर की तशी नोंद नव्हती. छत्र्या माळ्यावर, आंबे पेटीत आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी. गोळेवाल्यांचा धंद्याचा शेवटचा आठवडा गेला तो गेलाच.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा चालू असेल. मुंबईला मिळणारा हा दुसरा उन्हाळा, आणि याच्याबरोबर तर आंबाही नाही. ओहोटी मात्र आहे. लक्ष्मीपूजनाची अमावास्या, म्हणजे हिशेबाने संध्याकाळी साडेपाच. त्या वेळी घरातून बाहेर पडाल तर बोलणी खाल. पाडव्याला तीच ओहोटी पाऊण तासाने पुढे सरकते आणि अंधार गाठतो. तेव्हा पाडव्याला साडेपाचलाच खडकांवर पोचा, पाणी उतरत असेल. चपला रबरी घाला आणि फराळाचा डबा घरी ठेवा, तिथे कावळे फार.