स्वस्थ कोणास म्हणावे?

बदलीच्या नोकरीत घर हलते तेव्हा सामानाच्या यादीत एक वस्तू कधी लिहिली जात नाही, पण बांधली मात्र सर्वांत जपून जाते. ती म्हणजे मुलांच्या आजारपणाची फाईल. जबलपूर, अहमदाबाद, रायपूर, दिल्ली अशा आमच्या मुक्कामांगणिक ती जाड होत गेली. तीत लसींच्या नोंदी आहेत, रक्ततपासणीचे कागद आहेत आणि जबलपूरच्या एका डॉक्टरांनी तांबड्या शाईने लिहून दिलेली एक ओळ आहे. या मुलास सल्फा गटातील औषध देऊ नये, एवढाच तिचा आशय. फाईल कोणत्या कपाटात आहे आणि तीतले महत्त्वाचे काय, हे घरात एकाच व्यक्तीस ठाऊक होते. ती व्यक्ती म्हणजे माझी पत्नी.

सतरावे वर्ष सरत असता आमचा मुलगा बंगालमधील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहावयास गेला. जाताना आईने औषधांचा डबा दिला, प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी चिकटवली. तिसऱ्याच आठवड्यात रात्री दीड वाजता फोन वाजला. ताप आला होता. किती, असे विचारता उत्तर आले, ''अंग गरम लागतंय.'' तापमापक डब्यातच होता, पण त्याचे वेष्टन अद्याप फोडलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे काय, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ''आईला विचारून सांगतो.''

पुढे सुट्टीत घरी आल्यावर त्याने हे हसत सांगितले आणि आम्हीही हसलो. पत्नीच्या हसण्यात थोडा अभिमानही होता, हे मी पाहिले. रात्री मात्र मला झोप येईना. द्विपद सिद्धान्त त्याला समजावा म्हणून मी कचेरीतून थकून आल्यावरही त्याच्याजवळ बसलो होतो. पण त्याच्याच शरीराविषयीची ती तांबडी ओळ त्याला कोणी पाठ करावयास लावली नव्हती. त्याच्या बुद्धीचा कारभार आम्ही त्याच्या हाती दिला होता. शरीराचा कारभार मात्र आईच्या कपाटात राहिला होता.

हे अज्ञान दुर्लक्षातून आलेले नाही, ही यातील खरी अडचण आहे. दुर्लक्षाची निंदा करणे सोपे असते, अतिदक्षतेची निंदा करताना जीभ अडखळते. ज्या आईने रात्री जागून घड्या बदलल्या तिला, तुझ्या जागण्यामुळे मुलगा पांगळा राहिला, असे कोणत्या तोंडाने सांगावे? आणि तेवढे सांगून बाप मोकळा होत नाही. मुलांची औषधे हे आईचे खाते असे ठरवून मी वर्षानुवर्षे निर्धास्त राहिलो. तेव्हा प्रश्न आम्हां दोघांचाही आहे: काळजी घेता घेता माणूस दुसऱ्याच्या शरीराचा मालक होऊन बसतो, तो नेमका कोणत्या क्षणी?

आम्हां सरकारी नोकरांच्या परिचयाचा एक शब्द आहे, 'आश्रित'. १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकार आरोग्य योजनेच्या कागदांत आपल्या मुलांची नोंद याच सदरात होते. औषधाचा खर्च कोणी सोसावयाचा, एवढ्यापुरता तो शब्द रास्त आहे. पण कागदावरचा शब्द हळूहळू घरात शिरतो आणि ज्याचा खर्च आपण करतो त्याचा विचारही आपणच करावा, असे वाटू लागते. कायद्याची दृष्टी याहून सूक्ष्म आहे. १८६० च्या दंडसंहितेने बारा वर्षांखालील मुलाची संमती सामान्यतः संमतीच मानली नाही आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो आकडा कायम ठेवला आहे. सज्ञानतेचे वय मात्र अठरा. बारा आणि अठरा यांच्यामधली जी सहा वर्षे आहेत, ती पूर्ण परावलंबनाचीही नव्हेत आणि पूर्ण स्वातंत्र्याचीही नव्हेत. कायदा सीमा आखतो, पण एका सीमेपासून दुसरीपर्यंत मुलाला चालवीत नेणे हे काम घराचे आणि शाळेचे आहे.

आपल्या भाषेने या बाबतीत एक फार मोलाची खूण ठेवली आहे. निरोगी माणसाला आपण 'स्वस्थ' म्हणतो. जो 'स्व'मध्ये स्थित आहे तो स्वस्थ. रोगाचा अभाव एवढाच या शब्दाचा अर्थ नाही, आपल्या ठिकाणी आपण असणे हा त्याचा अर्थ आहे. ज्याचा ताप आईला कळतो, ज्याची ॲलर्जी फाईलीला कळते आणि ज्याला स्वतःला काहीच कळत नाही, तो मुलगा निरोगी असेल, पण त्याला स्वस्थ कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराकडून एवढी अपेक्षा कशाला? या आक्षेपाला वैद्यकाच्या इतिहासात एक उत्तर आहे. मधुमेहावरील इन्सुलिन टोरांटोमध्ये ज्या रुग्णाला प्रथम टोचले गेले, तो लिओनार्ड थॉम्प्सन अजून किशोरवयातच होता. ११ जानेवारी १९२२ ची पहिली मात्रा फारशी लागू पडली नाही. २३ जानेवारीला दिलेल्या शुद्धतर अर्काने तो सावरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी डॉक्टर बँटिंग यांच्याकडे आली. तिला पंधरावे वर्ष पुरे होण्यास काही दिवस उरले होते. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांची ही कन्या. उपासमारीच्या पथ्यावर तीन वर्षे काढून तिचे वजन सुमारे वीस किलोवर आले होते. आईवडील दूर होते, जवळ होती ती परिचारिका. त्या मुक्कामात ती सुई स्वतः टोचून घ्यावयास शिकली आणि आपल्या प्रकृतीचे वर्तमान पत्रांतून आईला कळवीत राहिली. ती १९८१ पर्यंत, त्र्याहत्तर वर्षे जगली.

या कथेत मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पत्रांची दिशा. येथे मुलगी आईला विचारीत नाही, कळविते आहे. विचारणे आणि कळविणे यांत जे अंतर आहे, तेच आश्रित आणि स्वस्थ यांतील अंतर होय.

पण कथा येथेच संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग सांगितल्याखेरीज तिचा दाखला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्यूजबाईंनी आपला मधुमेह निकटच्या थोड्या माणसांखेरीज जगाला जन्मभर कळू दिला नाही. सुई टोचण्याची विद्या त्यांना पंधराव्या वर्षी आली. संकोच सोडण्याची विद्या मात्र त्यांना कोणी दिली नसावी. मला दुखते आहे, मला झोप येत नाही, मन उदास आहे, पाळी अनियमित आहे हे आडपडदा न ठेवता योग्य माणसाला सांगता येणे, हीसुद्धा आरोग्याची एक विद्या आहे. आपल्या घरांतून ती सर्वांत कमी शिकविली जाते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले आणि शरीराविषयी मोकळेपणाने लिहिल्याबद्दल खटले सोसले. त्यांना आपण आज थोर म्हणतो. पण सोळा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटीने बोलायचे म्हटले की आपली खुर्ची दाराबाहेर सरकत नाही.

दुसरी सावधगिरी याहून मोठी आहे. सोपविणे म्हणजे टाकून देणे नव्हे. दीर्घ आजार असलेल्या मुलांवर सारा भार एकदम टाकला तर त्यांची प्रकृती ढासळते, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. कचेरीतही नव्या माणसास पदभार देताना जुना माणूस चार दिवस शेजारी बसतो, किल्ल्या मोजून देतो, मग उठतो. मुलाने आधी आपल्यादेखत तापमापक वाचावा, मग स्वतः नोंद ठेवावी, मग डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि आपण केवळ चुकेल तेथे बोलावे. शिकवावयाच्या गोष्टी तशा थोड्याच आहेत. आपला रक्तगट व वर्ज्य औषधे पाठ असावीत. जलसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यातच कालवावे आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. सर्दीच्या मिश्र गोळीतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, म्हणून तापाची गोळी जोडीला घेतल्यास मात्रा दुप्पट होते. मन फार खचले तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. द्विपद सिद्धान्ताहून हे खचित सोपे आहे.

आणि तरीही विद्या दिली की आपले ऋण फिटले, असे समजू नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत ५९.१ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या, तर मुलांत ३१.१ टक्के. पाळीच्या रक्तस्रावाने या तफावतीचा काही भाग उलगडतो, सगळा नव्हे. ज्या घरात मुलीचे पान शेवटी वाढले जाते, तेथे तिला लोहयुक्त आहाराचे महत्त्व शिकविणे ही थट्टा आहे. जे तिच्या हाती नाही त्याची जबाबदारी तिच्या शिरावर ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे, दोषारोप होय. ज्ञान सोपवावयाचे तर त्याबरोबर ते वापरण्याचा अधिकारही सोपविला पाहिजे. पानातला वाटा, डॉक्टरांपुढचा एकान्त आणि 'मला बरे वाटत नाही' म्हणताच विश्वास, हे त्या अधिकाराचे घटक आहेत.

त्या सुट्टीत आम्ही फाईल टेबलावर मांडली. मुलाने ती वाचली आणि कामाचे तेवढे स्वतःच्या अक्षरात एका लहान वहीत उतरून घेतले. तांबडी ओळ त्याने तांबड्याच शाईने लिहिली. पुढे हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. ''बाबा, परवा १०२ होता. डॉक्टरांना दाखवलं, सल्फाचंही सांगितलं. आज ९९ आहे. आईला सांगा, काळजी करू नकोस म्हणावं.''

मी निरोप सांगितला. पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''परवापासून ताप होता, आणि मला आज कळतंय.'' तिच्या स्वरात समाधान होते की दुःख, हे मला ओळखता आले नाही, कदाचित तिलाही आले नसेल. मुलाने स्वस्थ व्हावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला आपली गरज कमी लागावी असेच आपण मागत असतो, आणि ते मिळाले की ते सोसण्याचे बळही आपल्यालाच आणावे लागते. आमची पुन्हा बदली होण्याच्या वार्ता आहेत. फाईलची आता तशी गरज उरलेली नाही. पत्नीने ती सर्वांत आधी बांधून ठेवली आहे, आणि मी तिला काही म्हटलेले नाही.